फसव्या डब्यातली आत्या

आमच्या आत्यानं आयुष्यात पुष्कळांना खाऊपिऊ घातलं, पण तिचं नाव झालं ते ढेकणांमुळं.

दर गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती डाव्या हाताची बाही कोपराच्या वर सारायची, बोटाएवढ्या काचेच्या नळ्या टेबलावर ओळीनं मांडायची आणि एकेका नळीचं जाळी लावलेलं तोंड हाताच्या आतल्या मऊ बाजूला दाबून धरायची. नळीत वीसेक ढेकूण. जाळीतून सोंड बाहेर काढून ते निवांत पीत बसायचे. एका नळीला दहा मिनिटं. तोवर आत्या उजव्या हातानं चहा प्यायची. ढेकूण टम्म फुगले आणि आतल्या कागदाच्या घडीत जाऊन गप पडले की ती नळी बाजूला, दुसरी हातावर. बारक्यांची नळी आधी, मोठ्यांची नंतर, असा तिचा नेम. शेवटी हातावर लाल चट्ट्यांची रांग उठायची. त्यावर गार पाण्याचं फडकं टाकायची आणि डबे धुवायला उठायची. तोंड वाकडं केलेलं कुणी पाहिलं नाही.

ही काही वेडाची लक्षणं नव्हेत. हे तिचं नोकरीतलं काम होतं.

त्याआधी आत्या दिव्यांच्या कारखान्यात होती. एकवीस वर्षं तिनं काचेचे दिवे पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले, फुटलेले दोन हातांच्या बोटांवर मोजावेत इतकेच. मग कारखानाच बंद पडला आणि आत्या भावाच्या घरी, म्हणजे आमच्याकडं, येऊन राहिली. घरात एक बाई कर्ती असताना दुसरीनं दिवसभर करायचं काय, हा प्रश्न दोन वर्षं कुणाला सुटला नाही. आत्यानं भांडी घासली की आईला ती पुन्हा विसळाविशी वाटायची. आत्यानं कपाट लावलं की आईला आठ दिवस काही सापडायचं नाही. भांडण मात्र कधी झालं नाही. झालं असतं तर हवा मोकळी तरी झाली असती. दोघी इतक्या गोड बोलायच्या की ऐकणाऱ्याला गुदमरायला व्हावं.

"वन्सं, तुम्ही बसा हो. मी आहे ना."

"बसून बसून पाय आखडलेत, वहिनी."

"मग जरा फिरून या."

हे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

म्हणून ढेकणांची नोकरी मिळाली तेव्हा आत्यानं काम काय ते ऐकलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "चावतात म्हणजे किती चावतात?" आठवड्याभरात तिनं आमच्याच इमारतीत तळमजल्याची एक खोली घेतली. स्वतःची कढई, स्वतःची कुलूपकिल्ली. वर यायची ती फक्त संध्याकाळी सहाला, चहापुरती, खिडकीजवळच्या गादीच्या खुर्चीत. तेव्हापासून नणंद-भावजयीचं बरं चाललं. मधल्या एका जिन्यानं जे केलं ते दोन वर्षांच्या सभ्यपणाला जमलं नव्हतं.

तिच्या कामाची जागा म्हणजे एक लांबोडकी खोली. खाली करड्या फरश्या, एका बाजूला काचेची खिडकी, दुसऱ्या टोकाला लाकडी आडोसा. मधोमध लांब फळी आणि फळीत आठ भोकं. प्रत्येक भोकात एक पत्र्याचा डबा, झाकणाला छिद्रं पाडलेला. आठांतल्या एका डब्यात जिवंत ढेकणांची नळी. तो खरा डबा. बाकी सात फसवे. त्यांतही नळ्याच, पण कुणात मेलेले ढेकूण, कुणात ढेकणांनी टाकलेली कात, कुणात जुन्या गादीचा कापूस, कुणात साबणाचा तुकडा, कुणात पावाचा चुरा, कुणात नुसताच कागद, आणि एकात कुत्र्याच्या मास्तरांचा पायमोजा. कुत्र्यानं फळीच्या कडेनं हुंगत जायचं आणि खऱ्या डब्यासमोर बूड टेकायचं. बाकी कुठं टेकायचं नाही. वसतिगृहात नाहीतर दवाखान्यात ढेकूण झाले तर माणूस विजेरी घेऊन दिवसभर पलंग उलटेपालटे करतो आणि तरी चार सुटतातच. कुत्रा तेच काम दोन मिनिटांत करील का, आणि केलं तर किती खरं करील, हे तिथं मोजायचं चाललं होतं.

मोजणाऱ्या होत्या डॉक्टरीणबाई. माणसं तपासणाऱ्या नव्हेत. त्यांची पदवी विज्ञानातली. पण ते इमारतीच्या पहारेकऱ्याला कधी पटलं नाही. तो आठवड्यातून एकदा त्यांना आपला गुडघा दाखवायचाच. बाई काचेमागं घड्याळ घेऊन बसायच्या आणि वहीत चार रकाने भरायच्या: खऱ्या डब्यासमोर बसला, खरा डबा सोडून गेला, फसव्यासमोर उगाच बसला, फसवा बरोबर सोडून गेला. कुत्र्याला फिरवायचे मास्तर. कुत्र्यांना शिकवतात म्हणून मास्तर. सवयीनं माणसांशीही तसंच बोलायचे. "आत्या, थांबा. आत्या, या." बिस्किट तेवढं द्यायचे नाहीत.

आणि कुत्रा होता वकील. तांबूस, लांब कानांचा, कपाळावर कायमच्या दोन आठ्या. तो फळीशी यायचा, चौकशी केल्यासारखा एकेक डबा हुंगायचा आणि खऱ्या डब्यासमोर असा बसायचा की जणू निकाल लागला. सव्वादोन वर्षांत त्याचा हिशेब शंभरात अठ्ठ्याण्णव. चुकला की बाई आधी डबा तपासायच्या, मग कुत्रा.

लबाडी शिरू नये म्हणून बाईंनी बारीकसारीक विचार केला होता. कोणता डबा कुठं हे चिठ्ठी काढून ठरायचं. डबे मांडायची आत्या. हातमोजे घालून, चिमट्यानं, आणि मांडले की लगेच आडोशामागं. मास्तरांना खरा डबा कुठला ते माहीत नसायचं, म्हणजे त्यांच्या दोरीच्या ओढीवरून कुत्र्याला सुगावा नको. डबे रोज उकळायचे. बाईंच्या मोजमापात मुंगी शिरायला जागा नव्हती. शिरली ती आत्याच.

ते कळलं कसं, ते आता सांगतो.

तीन आठवड्यांनी पाहणी समिती येणार होती. काम पटलं तर आणखी पाच वर्षांची मंजुरी. नाही पटलं तर खोलीला कुलूप, वकील मास्तरांच्या घरी, आणि आत्या पुन्हा आमच्या मजल्यावर. आत्यानं हे घरी एकदाच सांगितलं. ऐकून आई पटकन म्हणाली, "पटेल हो, न पटायला काय झालं." तिच्या आवाजात इतकी कळकळ आम्ही कधी ऐकली नव्हती.

समितीच्या आधी वकिलाला खऱ्याखुऱ्या घरातून फिरवून आणावं, असं बाईंच्या मनात आलं. आत्यानं लगेच आमचं घर पुढं केलं. त्यात तिचा स्वतःचाही डाव होता. आईला पहिल्या दिवसापासून धास्ती की नणंदेच्या कपड्याला चिकटून एखादा ढेकूण वर येणार. चहा पिऊन आत्या उठून गेली की आई खुर्चीची उशी झटकायची. आत्याला ते माहीत होतं, आणि आत्याला माहीत आहे हे आईला माहीत होतं.

"एकदाचं होऊन जाऊ दे, वहिनी," आत्या म्हणाली. "वकीलच सांगेल तुमच्या घरात काय आहे नि काय नाही."

रविवारी सकाळी मास्तर वकिलाला घेऊन आले. वकिलानं स्वयंपाकघर हुंगलं, काही नाही. पलंग हुंगले, काही नाही. आईच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. मग तो खिडकीजवळ गेला, आत्याच्या खुर्चीपुढं थांबला आणि खाडकन बसला.

वकील मास्तरांकडं बघत राहिला, बिस्किटासाठी.

"झालं," आई म्हणाली.

पुढचे दोन तास खुर्चीचे हाल विचारू नका. वडिलांनी कापड उसवलं, काथ्या उपसला, लाकडाच्या फटीत सुई घातली. सापडलं काय? एक कंगवा, दोन गुंड्या, पेनाचं टोपण आणि आईची सहा वर्षांपूर्वी हरवलेली कात्री. ढेकूण एक नाही. मेलेला नाही, जिवंत नाही, त्याची कातही नाही.

"लपले असतील," आई म्हणाली. "आणि तिकडं बघा, आता कुठं बसलाय."

वकील दारामागच्या खुंटीखाली बसला होता. खुंटीवर आत्याची शाल. मास्तरांनी त्याला उठवलं, तर तो उंबऱ्याजवळ जाऊन आत्याच्या चपलांपुढं बसला. मास्तर त्याच्यापेक्षा गोंधळले. "असा कधी करत नाही हा," असं चारचारदा म्हणून ते त्याला घेऊन गेले. आईनं घरातल्या यच्चयावत चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या.

आत्या मात्र त्या उसवलेल्या खुर्चीच्या सांगाड्याकडं बघत राहिली. खुर्ची, शाल, चपला. आईनं दिलेला चहा निवला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"वहिनी," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या घरात ढेकूण नाहीत."

"मग कुत्रा काय माझी थट्टा करायला बसला?"

"तो ढेकणांवर बसलाच नाही. माझ्यावर बसला."

पुढचं तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तिला सगळं लख्ख दिसलं असणार. समिती येणार ती तिथलेच डबे वापरणार, तिथल्याच नळ्या. वकील नेहमीसारखा टेचात बसणार, शंभरात अठ्ठ्याण्णव होणार, मंजुरी मिळणार. तोंड मिटून ठेवलं तर पाच वर्षं खोली तिची, कढई तिची, कुलूप तिचं. तोंड उघडलं तर सगळ्याच्या सगळ्या वह्या बाद. त्या संध्याकाळी ती खाली आपल्या खोलीत भांडी घासत होती ती जरा जास्तच वेळ. खालून घासल्याचा आवाज वर येत राहिला. आई म्हणालीसुद्धा, "एवढी कसली भांडी असतात एका माणसाची?"

सकाळी ती कामावर गेली ती हातमोजे न घालताच बाईंच्या टेबलापुढं उभी राहिली.

"बाई, वकील ढेकूण ओळखत नाही."

बाईंनी वहीतून मान वर केली. "मग सव्वादोन वर्षं काय ओळखतोय?"

"मला."

घरी काय झालं ते तिनं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आत्या, खुर्चीत तुमचा वास असणारच. तुमच्याशी त्याची ओळख आहे, बसला असेल लाडानं. पण डब्यात तुमचा वास कुठून येईल? तुम्ही हातमोजे घालता. चिमटा वापरता. मीच तर नियम केलेत."

"ते मला नाही सांगता यायचं, तुम्ही शिकलेल्या. मी एवढंच म्हणते, एक कोरी नळी द्या. आत ढेकूण नको, काही नको. ती मी दहा मिनिटं हातावर धरते, दर गुरुवारी धरते तशी. मग ती डब्यात ठेवून बघा."

बाईंची नजर आत्याच्या हातावरच्या चट्ट्यांवर गेली, तिथून टेबलावरच्या नळीच्या तोंडाला लावलेल्या जाळीवर. डबे उकळले होते, नळ्या चिमट्यानं धरल्या होत्या, चिठ्ठ्या काढल्या होत्या. पण जिवंत ढेकणांच्या नळीची जाळी दर आठवड्याला आत्याच्या कातडीला दहा मिनिटं चिकटून असायची, आणि आतल्या ढेकणांच्या पोटात आत्याचंच रक्त. फसव्या डब्यांतल्या जाळ्यांना माणसाची कातडी कधी शिवलीच नव्हती. मेलेल्यांना कोण पाजणार?

"धरा," बाई हळूच म्हणाल्या.

आत्यानं कोरी नळी दहा मिनिटं धरली. मास्तरांना काही न सांगता सकाळची पहिली फेरी लावली. त्या फेरीत जिवंत ढेकूण कुठल्याच डब्यात नव्हते. वकील आला, पहिला डबा, दुसरा, तिसरा, चौथा, आणि पाचव्यापुढं बसला. त्या डब्याशी त्याला तीन सेकंदसुद्धा लागले नव्हते. मास्तर खूष होऊन बिस्किट काढायला लागले.

काचेमागं बाई हसायला लागल्या. मग रडतात की काय असं वाटलं, मग परत हसल्या. नंतर त्यांनी वही मिटली आणि आत्याला विचारलं, "तुम्ही गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. का सांगितलंत?"

"एवढं रक्त पाजलं ते काय माझा वास ओळखायला?" आत्या म्हणाली. "तो आमच्या वहिनींनाही ओळखता येतो. आणि उद्या हा कुत्रा कुणाच्या दवाखान्यात नेला, ढेकणांनी भरलेल्या पलंगावरून तसाच पुढं गेला, तर शिव्या कुणाला? वकिलाला. तो बिचारा त्याला शिकवलं तेच करतोय."

समितीला एकोणीस दिवस राहिले होते. बाईंनी दुपारभर विचार करून नवी रीत बसवली. ढेकणांना आता एकानं पाजायचं नाही, सहा जणांनी पाजायचं, म्हणजे कुणा एकाचा वास म्हणजेच ढेकूण अशी कुत्र्याची समजूत व्हायची नाही. आणि ज्याच्या हातावर ढेकूण प्यायले त्याच्याच हातावर कोरी नळीही धरायची, ती शेजारच्या फसव्या डब्यात ठेवायची. माणूस तोच, फरक फक्त ढेकणांचा. वकिलाला बसायचं असेल तर आता ढेकणांसाठीच बसावं लागणार होतं.

सगळं ठीक, पण सहा हात आणायचे कुठून?

बाईंनी स्वतःचा पुढं केला. तो एक. आत्याचा दुसरा. मास्तर म्हणाले, "मी चावऱ्या कुत्र्यांना घाबरत नाही, ढेकूण काय चीज आहे," आणि नळी हाताला लागताच खुर्चीतून घसरून खाली बसले. पाणी मारून उठवल्यावर म्हणाले, "मी आडवा झोपतो, मग लावा." झोपून जमलं. पहारेकरी म्हणाला, चावू देतो पण बघणार नाही. तो भिंतीकडं तोंड करून बसला. पाच मिनिटांनी म्हणाला, "फार दुखतंय हो." आत्या म्हणाली, "अजून लावली नाही. चहा पितेय." कचेरीतल्या कारकुनानं आपल्या कामाच्या यादीत ढेकूण नाहीत असं लेखी कळवलं. समोरच्या केशकर्तनालयातला कारागीर मात्र स्वतःचा टॉवेल घेऊन हजर झाला. त्याला सगळं बघायचं होतं, भिंगातून. "पितात कसे निवांत," तो कौतुकानं म्हणाला. "माझी गिऱ्हाइकं पाच मिनिटं स्थिर बसत नाहीत."

पाच झाले. सहावा मिळेना.

संध्याकाळी आत्या चहाला वर आली. गादीची खुर्ची अजून उसवलेलीच होती म्हणून लाकडी खुर्चीत बसली. आईनं विचारलं म्हणून तिनं सगळं सांगितलं, सहाव्या हाताचंसुद्धा. आई बराच वेळ कात्रीनं कापडाचे दोरे कापत राहिली.

"समजा हे जमलं नाही," ती म्हणाली, "तर तुम्ही वर येणार राहायला."

"येणार. दुसरं कुठं जाऊ?"

आईनं आणखी चार दोरे कापले. "फार आग होते का हो?"

"पहिले दोन दिवस खाज सुटते. मग नाही."

"मी देईन हात. पण माझी एक अट आहे. ते कुत्रं नीट शिकलं की त्याला पुन्हा या घरात आणायचं, आणि इथं ढेकूण नाहीत हे त्यानं सगळ्यांसमोर सांगायचं. त्या दिवशी जिन्यातल्या सगळ्यांनी खुर्ची उपसताना बघितलंय."

गुरुवारी आई गेली. जाताना हाताला साबण लावून धुवायला लागली तर आत्या म्हणाली, "धुऊ नका, बिचाऱ्यांना चव लागणार नाही." आईनं डोळे गच्च मिटून नळी धरली आणि दहा मिनिटांनी एक डोळा उघडून विचारलं, "सगळे प्यायले का? कुणी मागं राहिला असेल तर बघा."

वकिलाचे मात्र दिवस वाईट आले. नव्या रितीच्या पहिल्या दिवशी चाळीस फेऱ्या झाल्या, प्रत्येकीत आत्याची कोरी नळीही ठेवलेली. त्यांत तो खऱ्या डब्यासमोर नऊ वेळा बसला आणि आत्याच्या कोऱ्या नळीपुढं बावीस वेळा. बसला की मास्तरांकडं बघायचा. काचेमागून बाईंची खूण आली नाही की मास्तर छताकडं बघायचे. बिस्किट येईना. मग तो उठून पुन्हा बसायचा, आधीपेक्षा घट्ट, की हा येडा मास्तर आंधळा झाला की काय. शेवटी पंजा उचलून डब्यावर ठेवला. दोन वर्षं ज्यासाठी शाबासकी मिळाली तेच आता चूक, हे त्याला कोण समजावणार?

आडोशामागून आत्याला फक्त नखांचा आवाज यायचा. टक टक टक, आणि थांबला. थांबला की तिला कळायचं, बसला माझ्यापुढं. "उठ की रे," ती पुटपुटायची. "काही नाही तिथं. मी आहे नुसती."

आठव्या दिवशी खऱ्यासमोर एकवीस, आत्यापुढं अकरा. बाराव्या दिवशी सव्वीस आणि सहा. एकदा तर तो आईच्या ढेकणांसमोर बसला आणि आईच्या कोऱ्या नळीवरून सरळ निघून गेला. ते ऐकून आईला जो आनंद झाला तो आमच्या परीक्षांच्या निकालालाही झाला नव्हता.

समितीत दोघं आले. एक टाय लावलेले जाडे गृहस्थ आणि चष्मा डोक्यावर सरकवलेल्या एक उंच बाई. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. जुन्या वह्यांच्या पानापानावर तांबडी रेघ ओढून ठेवली होती. त्या त्यांच्यापुढं मांडल्या आणि चूक काय झाली ते सांगितलं.

गृहस्थांनी वह्या चाळल्या. "म्हणजे सव्वादोन वर्षं तुम्ही इथं एका बाईचा वास मोजत होतात."

"हो," बाईंच्या आधी आत्याच बोलली. "पण मोजला मात्र नीट. शंभरात अठ्ठ्याण्णव."

उंच बाई हसल्या. गृहस्थ हसले नाहीत.

फेऱ्या सुरू झाल्या. तीस फेऱ्यांत खरा डबा होता, दहांत नव्हताच. वकील पहिल्यासारखा टेचात नव्हता. एका डब्यावर परत येऊन हुंगायचा, आठ्या आणखी खोल व्हायच्या. तिसांपैकी चोवीस वेळा बरोबर बसला, सहा वेळा सोडून गेला. उगाच बसला दोनदा, दोन्ही वेळा पायमोज्यापुढं. मास्तर म्हणाले, "पायमोजा नवा घातलाय, त्याला ओळख नाही." त्यांचं कुणी ऐकलं नाही.

शेवटची फेरी तेवढी उरली होती. तेव्हा उंच बाईंनी बाही वर केली. "मला एक कोरी नळी द्या. माझी त्याच्याशी ओळख नाही. आणि एक या आत्यांच्या हातावरची ठेवा. खरा डबा ठेवू नका."

आठही डबे फसवे. आत्यानं मांडले आणि आडोशामागं गेली. उंच बाईंची नळी दुसऱ्या भोकात, तिची स्वतःची सातव्यात. नखं वाजत आली. पहिला डबा, दुसरा. न थांबता पुढं. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. सातव्याशी आवाज थांबला.

आत्यानं नंतर सांगितलं, तेव्हा तिनं मनातल्या मनात तळमजल्याच्या खोलीतलं सामान बांधायला घेतलं होतं. कढई कुठल्या खोक्यात बसेल इथपर्यंत आली होती. एक, दोन, तीन, चार सेकंद. काचेमागं पेन वाजलं नाही. वकिलानं नाकातून जोरात हवा सोडली, जशी म्हातारी माणसं उठताना सोडतात, आणि नखं पुन्हा वाजायला लागली. आठवा डबा. मग मास्तरांच्या खिशात हात गेल्याचा आवाज.

जाताना गृहस्थांनी बाईंना विचारलं, "आधी अठ्ठ्याण्णव होते, आता ऐंशी. याला प्रगती म्हणायची का?"

"आधी काय मोजतोय ते आम्हाला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "आता माहीत आहे."

ठरल्याप्रमाणं त्या रविवारी वकील आमच्या घरी आला. आईनं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं आणि जिन्यातल्या चौघीजणींना साखर न्यायला म्हणून बोलावलं होतं. खुर्ची पुन्हा शिवून जागेवर आली होती. वकील खुर्चीपाशी थांबला, हुंगला, पुढं गेला. शाल सोडली, चपला सोडल्या. सगळं घर फिरून तो आईच्या पायाशी येऊन आडवा पडला. "पाहिलंत?" आई चौघींना म्हणाली. "आता साखर न्या."

नऊ दिवसांनी पत्र आलं. पाच वर्षं नव्हे, तीनच. आणि अट अशी की ढेकणांना पाजणारे हात सहांच्या खाली येता कामा नयेत, आणि त्यांची यादी सांभाळण्याचं काम आत्यानं करावं. वडील म्हणाले, "तीनच?" आत्या म्हणाली, "तीन तर तीन. कुलूप लावायला दार तर राहिलं."

तेव्हापासून आई एक गुरुवार आड जाते. यादीत तिचा क्रमांक सहा. परवा आत्या चहाला आली तर आईनं कप देताना विचारलं, "या आठवड्यात माझ्यावर किती?"

"नऊ फेऱ्या होत्या तुमच्या ढेकणांच्या. सात वेळा बसला."

"त्या कारागिराच्या?"

"त्याच्याही सातच."

आईला ते फारसं आवडलं नाही. तिनं बिस्किटांची बशी पुढं सरकवली. "आणि तुमच्या त्या कोऱ्या नळीपुढं?"

"एकदाही नाही," आत्या म्हणाली आणि बशीतली दोन उचलली.